एका जनरलची वाट : कॉलिन पॉवेल

माझे वडील लष्करातून नाईक म्हणून निवृत्त झाले. मी घरातला पहिला पदवीधर. ‘साहेब व्हायला नेमकं काय लागतं रे?’ असे ते मला विचारीत. मी तेव्हा ‘शिक्षण’ एवढेच उत्तर देई. ते उत्तर अपुरे होते, हे अमेरिकेचे जनरल कॉलिन पॉवेल यांचा जीवनक्रम वाचल्यावर मला उमगले.

पॉवेल यांचा जन्म १९३७ सालचा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. आईवडील जमैकाहून आलेले, कष्टकरी. मुलगा सरकारी सिटी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकला. तिथे आपल्या एन.सी.सी.सारखे, परंतु थेट अधिकारी घडविणारे पथक होते. त्यातून तो १९५८ साली सैन्यात अधिकारी झाला. वेस्ट पॉइंटच्या प्रतिष्ठित अकादमीचे तोंडही त्याला पाहावे लागले नाही.

पण हे दार आपोआप उघडलेले नव्हते. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या पलटणी मोडण्याचा हुकूम अध्यक्ष ट्रूमन यांनी १९४८ साली काढला होता आणि त्यामागे कृष्णवर्णीयांच्या चळवळीचा रेटा होता. तरीही छावणीच्या फाटकाबाहेर जुनेच राज्य होते. व्हिएतनामहून परतलेल्या या अधिकाऱ्याला १९६४ साली जॉर्जिया राज्यातील एका खाणावळीने मागच्या खिडकीतून खाणे घ्यायला सांगितले. तो तसाच परतला. त्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला, तेव्हा तो पुन्हा तिथे गेला आणि समोरून खाणे घेतले. चहाची वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता बढतीचा प्रश्न. १९७७ ते १९८१ या काळात क्लिफर्ड अलेक्झांडर हे कृष्णवर्णीय गृहस्थ लष्कर खात्याचे सचिव होते. जनरलपदाच्या यादीत कृष्णवर्णीय नाहीत हे पाहून त्यांनी यादी परत पाठविली. मेहेरबानी करा, असे त्यांनी म्हटले नाही. पूर्वग्रहामुळे कोणाच्या कामाची नोंद खाली ओढली गेली आहे काय, एवढे तपासा म्हणाले. पॉवेल ब्रिगेडियर जनरल झाले ते याच काळात, १९७९ साली. ‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्या तोंडावर फेकणाऱ्यांनी हा प्रसंग नीट वाचावा. गुणवत्ता असते, प्रश्न असतो तो ती मोजणाऱ्या हातांचा.

१९८९ साली पॉवेल सैन्यदलांच्या संयुक्त प्रमुखपदी बसले. त्या पदावरचे ते पहिले कृष्णवर्णीय. १९९१चे आखाती युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत झाले. परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते १९९२ साली फोर्ट लेव्हनवर्थ येथे उभे राहिलेले कृष्णवर्णीय घोडदळाचे स्मारक. १८६६ पासून लढलेल्या त्या विस्मृत शिपायांसाठी त्यांनी ते काम स्वतः हाती घेतले होते. आपल्याकडे १८९०च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला तो पूर्वजांच्या तलवारीचा दाखला देऊनच. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले.

मात्र आरती ओवाळून चालणार नाही. १९६८ साली व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांच्या क्रौर्याची तक्रार आली. चौकशी मेजर पॉवेल यांच्याकडे होती. संबंध उत्तम आहेत, असा निर्वाळा त्यांनी दिला. २००३ साली परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी संयुक्त राष्ट्रांत इराकच्या संहारक शस्त्रांचा दावा मांडला. तो खोटा ठरला. हा आपल्या कारकिर्दीवरचा डाग आहे, हे त्यांनी पुढे मान्य केले. २०२१ साली ते वारले.

वडिलांना आज मी सांगेन : साहेब व्हायला शिक्षण लागते, चळवळीने उघडलेले दार लागते आणि यादी परत पाठविणारा कोणीतरी आत बसलेला लागतो. आणि साहेब झाल्यावर, दुबळ्याची तक्रार टेबलावर आली असता ती खरी मानून तपासण्याची हिंमत लागते. पहिल्या तिन्ही गोष्टी पॉवेल यांना लाभल्या. चौथी प्रत्येकाला स्वतःच कमवावी लागते. तिथे ते कमी पडले, हेही आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.