फुलांच्या रचनेची क्रियापदे : बारामती व इंदापूर परिसर

सणासमारंभातील पुष्परचना हा विषय सामान्यतः सौंदर्यशास्त्राच्या किंवा उद्यानविद्येच्या कक्षेत घातला जातो. परंतु या रचनेचे नियम मराठी क्रियापदांत साठविलेले आहेत, हे ध्यानात घेतल्यास तो भाषाभ्यासाचाही विषय ठरतो. नीरा खोऱ्यातील बारामती व इंदापूर हे तालुके या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. प्रदेश अवर्षणप्रवण, तथापि १८८५ च्या सुमारास आलेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे त्याचा काही भाग बागाईत झाला. त्यामुळे जिरायत शिवारातील रानफूल आणि बागेतील फूल ही दोन्ही येथील सणांत शेजारी शेजारी येतात.

रचनेचा पहिला नियम फुलाच्या घडणीतून येतो. मोगरा, जाई, अबोली यांचे देठ दोऱ्याच्या गाठीत धरता येतात. म्हणून ती फुले ‘गुंफतात’. झेंडूचा देठ खुडून त्याच्या जाड तळातून सुई घालावी लागते. म्हणून तो ‘ओवतात’. गुंफलेला सर लवचिक व हलका होतो, तो केसांना साजतो. ओवलेला सर भरीव व जड होतो, तो दाराला किंवा मूर्तीला शोभतो.

दुसरा नियम स्थानाचा आहे. गजरा व वेणी ‘माळतात’, हार ‘घालतात’, तोरण व मुंडावळ्या ‘बांधतात’, सुटे फूल किंवा दूर्वा देवाला ‘वाहतात’. यांपैकी एका क्रियापदाच्या जागी दुसरे योजल्यास वाक्य व्याकरणशुद्ध राहील, परंतु विधी चुकेल. संस्कृतात कमानदार प्रवेशद्वाराचा वाचक असलेला ‘तोरण’ हा शब्द मराठीत मुख्यतः चौकटीवरील पानाफुलांच्या सराला लागला, हेही येथे लक्षात घ्यावे.

तिसरा नियम काळाचा होय. भाद्रपदात तेरड्याच्या रोपांची गौर मांडण्याची पद्धत अनेक घरी आढळते. आवाहन, पूजन व विसर्जन असे तिचे तीन दिवस. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण त्या अल्पायुष्याशी नेमकी जुळते. नवरात्रात घटावर रोज एक नवी माळ सोडतात. ती विड्याच्या पानांची, झेंडूची किंवा शिवारातील कारळ्याच्या पिवळ्या फुलांची असते. येथे रचना हेच कालगणनेचे साधन बनते : ‘आज पाचवी माळ’ म्हणजे नवरात्राचा पाचवा दिवस.

ही व्यवस्था अचल आहे, असे मात्र समजू नये. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू आणि हारातील निशिगंध ही दोन्ही फुले मूळची मेक्सिकोकडील. युरोपीयांचा अमेरिकेशी संबंध येण्यापूर्वी, म्हणजे १४९२ पूर्वी, ती येथे असणे संभवत नाही. तरीही ती परकी वाटत नाहीत, कारण ‘ओवणे’ या जुन्या क्रियेने त्यांना सामावून घेतले. फूल बदलले, क्रिया टिकली.

कृत्रिम फुलांच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. तयार मिळणारी प्लॅस्टिकची माळ घरी ओवावी लागत नाही, गुंफावी लागत नाही. ती नुसती ‘लावली’ जाते. ती कोमेजत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी नव्या माळेची गरज उरत नाही. येथे फूल बदलत नसून क्रियाच गळते, आणि तिच्याबरोबर घाट, स्थान व काळ यांतील भेद सांगणारी शब्दसंपत्तीही क्षीण होण्याचा संभव आहे. यास्तव फुलांच्या नावांच्या याद्या करून थांबणे पुरेसे नाही. फुलारी, गुरव आणि घरोघरी माळा करणाऱ्या स्त्रिया कोणत्या फुलासाठी, कोणत्या प्रसंगी, कोणते क्रियापद योजतात, याची गावनिहाय नोंद करणे हे बोलीअभ्यासकांचे निकडीचे काम आहे.