रस्त्याखालची रहाड

नाशिकच्या तिवंधा चौकातून गाडी काढताना चाकाखाली हौद आहे, हे बाहेरच्याला सांगूनही पटत नाही. सुमारे 25 फूट लांब-रुंद, 8-10 फूट खोल अशी ही रहाड. जुन्या नाशकात आणि पंचवटीत पेशवाईपासून चालत आलेल्या अशा रहाडी वर्षभर ओंडके आणि माती टाकून बुजवलेल्या असतात. वरून रहदारी चालू. त्या उघडतात फक्त रंग खेळायला. मुंबई धुळवडीलाच रंगून मोकळी होते. नाशकात त्या दिवशी वीरांच्या मिरवणुका निघतात, रंग मात्र रंगपंचमीपर्यंत थांबतो.

पंचमीच्या आधी चौकातली पोरं कुदळ-फावडी घेऊन रस्ता उकरतात. ओंडके निघतात, गाळ उपसला जातो, पाणी भरतं. कढयांत उकळलेला रंग त्यात ओततात. तिवंध्याचा पिवळा, दिल्ली दरवाज्याचा केशरी, शनी चौकाचा गुलाबी. पूजा झाली, मानकऱ्यांचा मान झाला की धप्पे सुरू. धप्पा म्हणजे रहाडीत मारलेली उडी, आणि तिची खरी किंमत काठावरचे किती जण भिजले यावर! सुळकन पाण्यात शिरणाऱ्या पट्टीच्या पोहणाऱ्याला इथे कोणी विचारत नाही.

संध्याकाळी अंगाच्या रंगावरून माणूस कुठल्या चौकातला ते कळतं. तीन रहाडी फिरून आलेला मात्र घरच्यांनाही ओळखू येत नाही.

या खेळात गुण नाहीत, जिंकणं-हरणं नाही. तरीही ‘आमची रहाड’ म्हणताना नाशिककराच्या आवाजात जो ताठा येतो, तो क्रिकेटच्या संघाबद्दल बोलताना येत नाही. मला वाटतं, ही मालकी उडीपेक्षा उकरण्यातून येते. वाडा सोडून गंगापूर रोडला, इंदिरानगरला फ्लॅटमध्ये गेलेला माणूस पंचमीला जुन्याच चौकात येतो, कारण कधीकाळी तिथली माती त्याने उपसलेली असते. डीजे आणि शॉवर लावून होणाऱ्या रंगोत्सवांत गर्दी कमी नसते, पण तिथे जाणारा पाहुणाच राहतो. धप्पा मारणाऱ्यांत अजून बहुतेक पुरुषच दिसतात, ही मात्र खटकणारी गोष्ट. गल्लीचा खेळ म्हणायचा, तर गल्लीतल्या मुलींनी गच्चीवरून किती वर्षं बघायचं?

काळाच्या ओघात कित्येक रहाडी कायमच्या बुजल्या. पण अलीकडे विस्मरणात गेलेल्या एकदोन रहाडी तरुणांनी पुन्हा उकरून काढल्या आहेत. जागा नेमकी कुठली, हे सांगायला अर्थातच गल्लीतले म्हातारेच लागतात.