तालमीतली जोड

उजनीच्या पाण्याच्या कडेने करमाळा तालुक्यात केतूर, वांगी, कंदर, चिखलठाण अशी गावं आहेत. १९८० साली भीमेवरचं धरण पुरं झालं, ११७ टीएमसीचा यशवंतसागर पसरला आणि जुनी गावठाणं पाण्याखाली गेली. वरच्या रानात ऊस आला, पुढे केळी आली. गावांचं सगळं बदललं, पण कुस्तीची ओढ सुटली नाही. शहरातली आई हूड पोराला बॉक्सिंगच्या क्लासला घालते. इकडे बाप त्याला तालमीत नेऊन वस्तादांच्या हवाली करतो. दोघांची अपेक्षा एकच असते, की पोराच्या अंगातली रग कुठेतरी मार्गी लागावी.

सोलापूर भागातल्या यात्रेचं मैदान पाहिलं की या शिक्षणाची सुरुवात दिसते. दुपारी हलगी कडाडायला लागते आणि सगळ्यात आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. सहा-सात वर्षांची पोरं, लंगोट सैल झालेला, डोळ्यांत माती गेलेली. कुणाचा तरी हात पंच वर करतात, मूठभर रेवड्या मिळतात. दुसरा मुलगा अख्ख्या गावासमोर चितपट झालेला असतो. तो रडतो, डोळे पुसतो आणि पुढच्या यात्रेला पुन्हा उतरतो. हरणं ही शिकण्यातलीच एक गोष्ट आहे, हे इतक्या लहान वयात आणि इतक्या लोकांसमोर शिकवणारी जागा दुसरी सापडणार नाही.

तालमीत मात्र पोराच्या हाती पहिल्यांदा डाव येत नाही, फावडं येतं. पहाटे उठून आखाड्याची माती खणायची, खडा निवडून टाकायचा, ती पुन्हा सारखी करायची. ही तांबडी माती नुसती माती नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती मऊ केलेली असते, म्हणजे अंग खरचटलं तरी चिघळत नाही. मग मारुतीला नमस्कार, वस्तादांच्या पायाला हात, आणि जोर, बैठका, सपाटे. महिनोन्महिने हेच. नव्या पोराला एकेरी पट, ढाक, घिस्सा या डावांची घाई असते. वस्तादांना ती नसते.

खरी घडण होते ती लढतीत. पैलवान एकट्याने तयार होत नाही, त्याला जोड लागते. आज ज्याला खाली घ्यायचं, त्याच्याच जोरावर उद्याचं मैदान मारायचं असतं. म्हणून जोड जपावी लागते. थोरला पैलवान धाकट्याशी लढतो तेव्हा ताकद आवरून लढतो, थोडा वेळ त्याला पट काढू देतो, मग हळूच खाली घेतो. कुणी रागाच्या भरात हात पिरगाळला, तर वस्तादांचा आवाज कडाडतो. समोरचा जायबंदी झाला तर उद्या लढायचं कुणाशी? सोळा-सतरा वर्षांच्या, अंगात घोड्याचं बळ आलेल्या मुलाला हा हिशेब रोज संध्याकाळी अंगाने करावा लागतो. व्याख्यानं देऊन हे साधत नाही.

करमाळा तालुक्यातल्याच खडकीचा बाला रफिक शेख या वाटेने गेला. कुस्ती घरातच होती. कोल्हापूरला न्यू मोतीबाग तालमीत त्याला गणपतराव आंदळकरांसारखे वस्ताद लाभले. आंदळकर १९६० चे हिंदकेसरी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य जिंकलं होतं. पुढे बाला पुण्यात गणेश दांगट यांच्या हाताखाली हनुमान आखाड्यात आला. डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याला, बुलडाण्याकडून खेळताना, त्याने आदल्या वेळचा विजेता अभिजित कटके याला ११-३ असं हरवलं आणि महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आंदळकर गेले होते. चेल्याच्या खांद्यावरची गदा त्यांना पाहता आली नाही. मारुतीच्या मूर्तीसमोर शेख आणि पाटील एकाच मातीत घाम गाळतात, एकमेकांच्या अंगाला माती लावतात, हे महाराष्ट्रातल्या तालमींना फार जुनं आहे, आणि आजच्या दिवसांत ते मुद्दाम सांगितलं पाहिजे.

जोड जपण्याची ही रीत सातासमुद्रापारही दिसली आहे. लोइक वाकाँ हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ १९८८ मध्ये शिकागोतल्या वुडलॉन या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या बॉक्सिंग जिममध्ये दाखल झाला आणि तीन वर्षांहून जास्त काळ तिथल्या पोरांबरोबर ठोसे खात शिकला. त्याला आढळलं, की बाहेर रस्त्यावर मारामाऱ्या, अमली पदार्थ, बंदुका. आणि जिमच्या आत मात्र वेळेची शिस्त, थोरल्यांचा मान आणि बोलण्याची रीत. सरावातल्या लढतीत किती जोराने मारायचं, याचा दोघांमध्ये न बोललेला करार असतो, हेही त्याने बारकाईने टिपलं. डीडी आर्मर हा म्हातारा प्रशिक्षक कोपऱ्यातून सगळ्यांवर नजर ठेवून असे. आपल्याकडच्या वस्तादांना त्याची ओळख करून द्यावी लागली नसती.

तालमीत गेलं की पोरगं आपोआप गुणी होतं, असं मात्र समजू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षे याने आपली पाठ टेकलीच नव्हती असं म्हणत पंचांची कॉलर धरली आणि त्यांना लाथ मारली. त्याच संध्याकाळी अंतिम लढतीत मंगळवेढा तालुक्यातल्या शिरसीचा महेंद्र गायकवाड शेवटच्या क्षणी मॅट सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. दोघेही वर्षानुवर्षं तालमीत घडलेले. पंचांचा निर्णय चुकला असेल, तर त्याची तड लागलीच पाहिजे. पण रेवड्यांच्या कुस्तीत डोळे पुसून उठणारं पोर मोठेपणी असं का वागतं, हे कुस्तीच्या कर्त्यांनी स्वतःला विचारायला हवं. गदेबरोबर आता गाडी येते, नाव येतं, नोकरीची आशा येते. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाला, हे प्रत्येक पोराला पाठ असतं. पण अशी नोकरी मिळते मोजक्यांना.

बाकीच्यांचं काय, याची काळजी जास्त आहे. दूध, तूप, बदाम यांचा खुराक शेतकऱ्याच्या घराला ओढून नेतो. डेअरीला घालायचं दूध पोराच्या तांब्यात जातं. गुडघा गेला, खांदा निसटला, तर विशीतच सगळं संपतं आणि हाती राहतात मोडलेले कान. कुर्डुवाडीहून मिरजेमार्गे कोल्हापूरला जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत लंगोटाबरोबर शाळेची पुस्तकंही असली पाहिजेत. मुलींसाठी ही वाट उशिरा उघडली. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली ती मार्च २०२३ मध्ये सांगलीला, आणि मान मिळवला प्रतीक्षा बागडी हिने. गावोगावच्या जुन्या तालमींत मुलींसाठी वेगळी वेळ आणि साधी न्हाणी जरी झाली, तरी बऱ्याच जणी घरून निघतील.

पोराला घालण्याआधी आईवडिलांनी तिथे किती गदा आल्या हे विचारण्यापेक्षा एका संध्याकाळी लढतीला जाऊन बसावं. थोरला पैलवान धाकट्याला कसा खाली घेतो, दुखावलेल्या मुलाला त्या दिवशी मातीत उतरू देतात की बाहेर बसवतात, आणि तालमीतली किती पोरं सकाळी शाळेत जातात, एवढं तासाभरात कळून येतं.