केंब्रिजचं पत्र : कानविंद्यांनी इथून काय नेलं?

केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) : हार्वर्ड म्हटलं की मुक्ताईनगरच्या वाचकाला श्रीमंत देशाचं जुनं विद्यापीठ आठवेल. पण १९३७ साली याच विद्यापीठानं वास्तुकला शिकवायला बोलावलं ते नाझी जर्मनी सोडून आलेल्या वास्तुकार वॉल्टर ग्रोपियस यांना. परक्याला गुरुपद देऊन त्याच्याकडून शिकणं ही इथल्या विद्यापीठांची खरी मिळकत. ग्रोपियसही इथे येऊन बदलले. जवळच्या लिंकन गावी १९३८ मध्ये त्यांनी बांधलेल्या घराची ठेवण युरोपची, पण लाकडी फळ्या, वीट, दगड हे सामान न्यू इंग्लंडचं, आणि व्हरांडा जाळीचा. कोकणातल्या आचऱ्याचे वास्तुकार अच्युत कानविंदे यांना भारत सरकारनं १९४५ मध्ये ग्रोपियस यांच्याच हाताखाली शिकायला पाठवलं. कानविंद्यांनी इथून नेली ती जागेला आणि कामाला प्रश्न विचारण्याची रीत, असं माझं मत आहे.

यावर कुणी म्हणेल, इतिहासाच्या अभ्यासाला फारसं महत्त्व न देणाऱ्या गुरूचा शिष्य परदेशी साचाच घेऊन परतणार. कानविंद्यांनी आखलेल्या अहमदाबादच्या ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेच्या इमारतीवर हार्वर्डची छाप आहे, हे खरं. पण ती सुरुवातीची इमारत. कानपूरच्या आयआयटीला १९६२पासून नऊ अमेरिकी विद्यापीठांचं साहाय्य होतं. तरी कानविंद्यांनी तिथे अमेरिकी आवार उचलून ठेवलं नाही. उघड्या काँक्रीटच्या सांगाड्यात वीट भरली, इमारती सावलीच्या वाटांनी जोडल्या. पुढे मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत दूध वरून खाली आपल्या वजनानं उतरावं अशी मांडणी केली आणि आतली गरम हवा बाहेर काढायला छतावर हवेचे उंच मनोरे उभारले. त्या इमारतीचं रूप गुजरातच्या उन्हानं आणि दुधाच्या वाटेनं ठरवलं.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे : काँक्रीट तापतं. खानदेशात पारा ४५ अंशांवर गेला की स्लॅबखाली रात्र काढणं जड जातं. धाब्याच्या घरात मातीचा जाड थर ऊन अडवतो. मात्र मजल्यांवर मजले चढवलेली प्रयोगशाळा धाब्यावर उभी राहत नाही. म्हणून माती की सिमेंट हा वाद अपुरा आहे. ऊन कुठून येईल, हवा कुठून जाईल, हे नकाशा काढण्याआधी विचारलं का, यावर इमारतीचा निकाल लागतो. ग्रोपियसनी ते परमुलखात विचारलं, कानविंद्यांनी आपल्या. अमेरिकेच्या काचेच्या भिंतींची नक्कल सोपी. ही सवय उचलायला कष्ट पडतात. तरी शाळेची किंवा दवाखान्याची निविदा काढताना सळई-सिमेंटच्या हिशेबाशेजारी सावली आणि वाऱ्याची अट लिहिणं आपल्या तालुक्यांना आजही जमण्यासारखं आहे.