पायाचा इशारा ओळखणारं यंत्र

खुर्चीतून उठायचं मनात आलं की मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून मांडीच्या स्नायूपर्यंत पोहोचतो. स्नायू आकुंचन पावण्याच्या किंचित आधी कातडीवर विजेची बारीक लहर उमटते. स्नायू झिजलेल्या माणसाचा पाय उचलला जात नाही, पण ही लहर बऱ्याचदा शिल्लक असते. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठातल्या योशियुकी सांकाई यांचं ‘हॅल’ हे पायांवर चढवायचं यंत्र नेमकी तीच पकडतं.

ईसीजीला लावतात तशा चिकट पट्ट्या मांडीवर आणि नितंबावर लावल्या जातात. लहर टिपली की कमरेजवळच्या आणि गुडघ्याजवळच्या मोटारी पायाला हवा तेवढाच जोर देतात. पट्टी नीट बसली नाही की सगळंच बिनसतं.

हे यंत्र दिवसभर अंगावर वागवायचं, असं आपण धरून चालतो. जपानने मात्र त्याला उपचार म्हणून मान्यता दिली. २०१५मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफी, एएलएस, एसएमए अशा स्नायू झिजवणाऱ्या आठ आजारांसाठी परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी खर्च आरोग्य विम्यात बसला. त्यामागच्या चाचणीचे प्रमुख होते निइगाताचे डॉक्टर ताकाशी नाकाजिमा. रुग्ण जेमतेम २४. पडू नये म्हणून वरून आधार देऊन, हॅल घालून त्यांना नऊ वेळा चालवलं. मग यंत्र काढून दोन मिनिटांत किती अंतर कापतात ते मोजलं. हॅलशिवाय केलेल्या तशाच सरावाच्या तुलनेत सुमारे १० टक्के जास्त भरलं. एवढंच? पण हे आजार दरवर्षी काहीतरी काढूनच घेतात. तिथे वाढ दिसणं हीच मोठी गोष्ट. अर्थात मूळ आजार यानं बरा होत नाही, आणि डिस्ट्रॉफीच्या नाजूक स्नायूंना दमवून चालत नाही.

हातांसाठीची एक युक्ती मला तर याहून आवडते. अमेरिकेत डेलावेअरच्या विल्मिंग्टनमध्ये तारिक रहमान यांनी ‘रेक्स’ बनवलं. त्याच्या पूर्ण नावात ‘रोबोटिक’ हा शब्द आहे, पण मोटार नाही, बॅटरी नाही. आहेत ते रबर बँड. ते हाताचं वजन पेलतात, त्यामुळे उरलेली थोडी ताकद हात तोलण्यात न संपता घास तोंडाशी नेण्यात खर्ची पडते. लहान मुलांसाठी धातूचा सांगाडा जड झाला, तेव्हा त्याचे भाग प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापले. मूल वाढलं की मोठा भाग छापायचा, तुटला की दुसरा.