रोगनाम आणि रोगकल्पना : 'शुगर' व 'गोचीड ताप' यांच्या निमित्ताने

लोकांनी रोगाला दिलेल्या नावात त्या रोगाच्या कारणाविषयीची एक कल्पना बहुधा दडलेली असते, आणि वैद्याचा सल्ला ऐकणारा मनुष्य तो सल्ला त्या कल्पनेच्या आधारेच समजून घेतो. रोगनामांचा विचार भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने केवळ व्युत्पत्तीच्या हौसेपोटी करू नये, असे प्रस्तुत लेखकाला वाटते ते यामुळेच.

या दृष्टीने सोलापूर हे सोयीचे गाव आहे. शुक्रवार पेठेतील एखाद्या दवाखान्याच्या बाकावर तासभर बसावे, म्हणजे मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा कानी पडतात. मधुमेहाला कानडीत 'सक्करे कायिले' म्हणतात, तेलुगूत 'चक्केर व्याधी', उर्दूत 'शक्कर की बीमारी' आणि मराठीत 'साखरेचा आजार' किंवा आता सरसकट 'शुगर'. भाषा चार, पण बोट एकाच पदार्थाकडे.

'मधुमेह' या ग्रंथगत शब्दाचा रोख निराळा आहे. 'मिह्' धातूचा अर्थ मूत्रोत्सर्ग करणे. म्हणजे हे नाव लघवीतील लक्षण सांगते. चरकसंहितेत प्रमेहाचे २० प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांतील एक. पुढे 'प्रमेहा'चा 'परमा' झाला आणि बोलीत तो गुह्यरोगाचा वाचक ठरला, त्यामुळे सभ्य संभाषणातून तो शब्द बादच झाला. युरोपातही प्रथम लक्ष गेले ते लघवीच्या गोडीकडे. रक्तरसातही गोडी असते हे मॅथ्यू डॉब्सन याने १७७६ मध्ये दाखविले. १९२१ मध्ये टोरोंटो येथे इन्शुलिनचा शोध लागल्यावर रोगाचे मर्म उलगडले: इन्शुलिन कमी पडते, किंवा असूनही पुरेसे कार्य करीत नाही. पण उणिवेला लोकभाषेत नाव मिळाले नाही; जी वस्तू वाढलेली दिसली तिचेच नाव रोगाला चिकटले.

याचे परिणाम सल्ल्याच्या वेळी दिसतात. 'साखर बंद करा' असे सांगितले की रोगी चहातील साखर बंद करतो व गूळ चालू ठेवतो, कारण गूळ म्हणजे साखर नव्हे. भाकरी आणि भात तर गोड नाहीत, तेव्हा त्यांच्या प्रमाणाचा प्रश्नच उद्भवत नाही. पिष्टाची रक्तात शर्करा होते ही गोष्ट 'साखर' या शब्दात कोठेच नाही. उलटपक्षी कारले आणि कडुनिंब यांवर अपार श्रद्धा, कारण कडूने गोड मरते. हे तर्कशास्त्र नावातूनच निघाले आहे. 'पथ्य' हा शब्दही फसवा आहे. औषध संपले की पथ्य सुटते असा आपला जुना संकेत. जन्मभराच्या आहारनियमाला तो शब्द अपुरा पडतो.

परंतु सर्वांत धोक्याचे वाक्य आहे 'साखर कमी झाली'. तपासणीचा कागद हाती घेऊन रोगी हे वाक्य आनंदाने उच्चारतो. नेमके हेच वाक्य डॉक्टर एका तातडीच्या अवस्थेसाठी वापरतात: १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमहून कमी शर्करा, घाम, थरथर, भ्रम, क्वचित बेशुद्धी. अशा वेळी चटकन साखर तोंडात घालावयाची असते. आणि ज्याला वर्षभर 'साखर म्हणजे विष' असे बजावले आहे, तो तेथेच कचरतो. 'साखर आटोक्यात आली' आणि 'साखर फार खाली गेली' अशी दोन वाक्ये सल्लागारांनी जाणीवपूर्वक वेगळी ठेवली, तर पुष्कळ काम होईल.

नावाचा हा अंमल माणसाच्या रोगांपुरता नाही. गोठ्यातील भाषा काही बाबतींत अधिक शहाणी ठरली आहे. 'गोचीड ताप' या नावात कारणच सांगितले आहे. गोचीड हा किडा रोग वाहतो ही गोष्ट थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी अमेरिकेत १८९३ मध्ये सप्रमाण मांडली. आपल्या पशुपालकाला ती आज नावातूनच मिळते, आणि गोठा स्वच्छ ठेवा, गोचिडांचा बंदोबस्त करा हे त्याला वेगळे पटवावे लागत नाही. मात्र या नावाखाली थायलेरिया, बॅबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा असे निरनिराळे रोगजंतू एकत्र येतात. पहिल्यावर बुपार्व्हाक्वोन चालते, दुसऱ्यावर डायमिनाझिन. नाव प्रतिबंध शिकविते, उपचार शिकवीत नाही. त्यासाठी कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो. 'तांबडे मूत' हे नाव याहूनही दुबळे. बॅबेसियाने लघवी लाल होते, तशी व्यालेल्या म्हशीत फॉस्फरसच्या अभावानेही होते. मालक मात्र 'उष्णता झाली' म्हणून थंड उपाय करीत बसतो, आणि संकरित गाईच्या बाबतीत तर दोन दिवसही फार होतात.

'सरा' या रोगाची कथा या दोहोंना जोडते. याचा रक्तजंतू ग्रिफिथ इव्हान्स याने १८८० मध्ये डेरा इस्माइल खान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात पाहिला. इंग्रजी कोशकारांपैकी काही हा शब्द मराठी 'सूर', म्हणजे नाकातून होणारा श्वासाचा आवाज, याच्याशी जोडतात. इतर काही त्याचा संबंध हिंदीतील सडण्याशी लावतात. कोणतीही व्युत्पत्ती घेतली तरी नाव लक्षणाचेच राहते; रोग पसरविणारी चावरी माशी त्यात नाही. आणि हा जंतू जगतो तो जनावराच्या रक्तातील शर्करेवर. जनावर झोकांड्या देऊ लागले की पशुवैद्य जंतुनाशक औषधाबरोबर शिरेतून ग्लुकोजही देतो. आणि घरी 'शुगर' असलेला मालक ती बाटली पाहून विचारतो, 'डॉक्टर, जनावराला साखर कशाला?'