माजी सैनिकांची वनौषधी शेती आणि आपण

भारतीय सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार जवान निवृत्त होतात. बहुतेकांचे वय त्या वेळी पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान असते. निवृत्तिवेतन सुरू होते आणि मुले अजून शाळेतच असतात. खारेपाटण परिसरातील असा जवान गावी परतला, की पुष्कळदा पुन्हा मुंबई-पुण्यास सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी जातो व घरची जमीन ओसाडच राहते. त्या जमिनीत वनौषधी लावाव्यात काय, असे तो आम्हां वैद्यांना विचारतो. या मालाचे गिऱ्हाईक आपण आहोत, ही त्याची समजूत रास्तच आहे.

परतलेला सैनिक काय करू शकतो, याचे ठळक उदाहरण राळेगणसिद्धीचे. १९६३ साली सैन्यात गेलेले अण्णा हजारे १९७५ साली निवृत्त होऊन पारनेर तालुक्यातील या आपल्या गावी स्थिरावले. ग्रामस्थांच्या श्रमदानातून तेथे नालाबांध, पाझर तलाव झाले. विहिरींस पाणी राहू लागले आणि मग पिके आली. हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. तो प्रदेश पर्जन्यछायेतील. आमच्याकडे आकाशच फाटते म्हणावे इतका पाऊस. तरीही जांभ्याच्या सड्यावर पाणी ठरत नाही आणि चैत्रात कलमे घागरीच्या पाण्यावर जगवावी लागतात.

केवळ जमीन व कर्ज देऊन मात्र भागत नाही. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात परतलेल्या सैनिकांना दोन्ही मिळाले. पण तुकडे लहान, भाव पडलेले, त्यामुळे अनेकांना ती शेते सोडावी लागली. आपल्याकडे २००० नंतरच्या काही वर्षांत सफेद मुसळीची लाट आली. बेणे चढ्या दराने विकले गेले, खरेदीची आश्वासने हवेत विरली. निवृत्तीचे उपदान आणि अंशराशीकरणाची रक्कम हीच ज्याची सारी पुंजी, त्याला असा घाव झेपत नाही.

म्हणून आमची पहिली शिफारस वृक्षाम्लाची, म्हणजे आपल्या रातांब्याची. चरकाचार्यांनी ते हृद्य दशेमानीत घेतले आहे आणि ही भूमी त्याचीच आहे. मात्र बियांपासूनची रोपे लावू नयेत. त्यांतील सुमारे निम्मी नर निघतात आणि ते कळेपर्यंत सहा-सात वर्षे गेलेली असतात. मादी झाडांची कलमे, उदाहरणार्थ दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’, लावून परागीभवनापुरती थोडी नर झाडे ठेवावीत. फळे वैशाखापासून पिकतात; जी पावसात सापडतात ती सोले वाळवण्यापूर्वीच कुजतात. कलमे धरेपर्यंतच्या वर्षांत निचऱ्याच्या जमिनीत शतावरी घ्यावी, ती दीड-दोन वर्षांत काढणीस येते. माडा-पोफळीच्या सावलीत पिंपळी होते. सीता-अशोक साल देईपर्यंत लावणारा आजोबा होईल. तो बांधावर असावा, प्रपंचाच्या हिशेबात नसावा.

जमिनीच्या अडचणीपेक्षा सातबाऱ्याची अडचण मोठी. एका गटावर चुलत्या-पुतण्यांची वीस-वीस नावे असतात. सामाईक खातेदारांची लेखी संमती असल्यावाचून अनुदानाचा अर्ज पुढे सरकत नाही. ती रजेवर आला असतानाच, निवृत्तीपूर्वी मिळवावी, असे आम्ही सांगतो. सैन्यदलांतर्फे निवृत्तीपूर्वी पुनर्वसनाचे प्रशिक्षणही मिळते, त्याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर चारांपैकी एकालाच कायम सेवेत राहता येते, म्हणजे पुढे पंचविशीतले तरुणही हाच प्रश्न घेऊन आपल्याकडे येतील.

आता आपले काम. ‘लावा, आम्ही घेऊ’ असे तोंडी कोणी सांगू नये. औषधी निर्मात्यांनी किती किलो, कोणत्या प्रतीचा, किती ओलाव्यापर्यंतचा माल आणि कोणत्या दराने घेणार, हे लिहून द्यावे. चरकाचार्यांनी मूळ ग्रीष्म वा शिशिरात, त्वचा व कंद शरदात घेण्यास सांगितले आहे. तो काळ करारात घालावा. वेळापत्रक पाळण्याची सवय या माणसांस आपल्याहून अधिक असते. वावडिंगाच्या नावाखाली बाजारात काय काय येते, हे आपण जाणतोच. ओळखीच्या शेतातून, ओळखलेली वनस्पती मिळणे हा आपलाही लाभ आहे.

कलमे मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर लागतात, परंतु खड्डे चैत्र-वैशाखातच खणून शेणखताने भरावे लागतात. ज्यांना माल हवा त्यांनी मागणी वजनासह फाल्गुनापूर्वी कळवावी.